दोन हन्ना, एक गव्हाणी

(मनन : १ शमुवेल, अध्याय १ व २, लूक २:३६-३८)



आज आगमनकाळाचा चौथा रविवार. घरोघरी गोठ्याची तयारी चालू आहे. मुले गवत, माती, रंगीत कागद गोळा करीत आहेत. गोठा सजतो आहे, पण गव्हाणी मात्र अजून रिकामी आहे. बाळ येशूची मूर्ती आपण नाताळच्या रात्रीच तिच्यात ठेवतो.

ही रिकामी गव्हाणी पाहिली की मला दरवर्षी काही घरे आठवतात. त्या घरांत लग्नाला आठ, दहा, पंधरा वर्षे झाली, पण पाळणा हललेला नाही. नाताळ हा बाळाचा सण. म्हणूनच ज्यांच्या घरी बाळ नाही त्यांना हे दिवस फार जड जातात. गाणी बाळाची, चित्रे बाळाची, प्रवचनेही बाळाचीच. आजचे हे मनन त्या घरांसाठी आहे आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांसाठीही आहे.

ख्रिस्तसभा ह्या घरांना विसरलेली नाही. नाताळच्या आसपासची दैनंदिन मिस्साची वाचने पाहा. १९ डिसेंबरला शमशोनाच्या आईची कथा वाचली जाते आणि शुभवर्तमानात जखऱ्या व एलिझाबेथ ह्या वृद्ध जोडप्याची. २२ डिसेंबरला येते शमुवेलची आई हन्ना. आणि नाताळ झाल्यावर, ३० डिसेंबरच्या शुभवर्तमानात आणखी एक हन्ना भेटते. ती आहे येरुशलेमच्या मंदिरातील वृद्ध संदेष्टी. म्हणजे आपली गव्हाणी ह्या दोन हन्नांच्या मधोमध ठेवलेली आहे. एकीला मूल मिळाले. दुसरीला मूल असल्याचा उल्लेखही बायबलमध्ये नाही. तरी दोघींच्या तोंडी परमेश्वराचे उपकारस्मरण आहे. हे कसे घडले ते आज आपण पाहू या.

वर्षाकाठचे दुखणे

पहिली हन्ना एफ्राईमच्या डोंगराळ प्रदेशातील एलकाना नावाच्या गृहस्थाची पत्नी. एलकानाला दोन बायका होत्या. पनिन्नाला मुलेबाळे होती, हन्नाला नव्हती. हे कुटुंब दरवर्षी शिलो येथे परमेश्वराच्या उपासनेसाठी जात असे. यज्ञ झाला की एलकाना सर्वांना प्रसादाचे वाटे देई. पनिन्नाला तिचा वाटा आणि तिच्या प्रत्येक मुलामुलीला एकेक. हन्नाच्या पानात मात्र तिचा एकटीचाच वाटा. एलकाना तिला प्रेमाने विशेष वाटा देई. पण तिच्या शेजारी दुसरे पान नव्हते. सणाच्या जेवणाच्या पंगतीतच तिच्या दुःखाचा हिशेब सर्वांसमोर मांडला जाई.

आपल्या खान्देशात हे समजावून सांगायला नको. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात, मैत्रिणी भेटतात. त्याच अंगणात एखादी लेक दरवर्षी रिकाम्या कडेने येते. धाकट्या बहिणीचे मूल घरभर धावत असते, आणि हिला मात्र येणारी-जाणारी प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारते. जो सण सर्वांच्या आनंदाचा, तोच तिच्या परीक्षेचा दिवस होतो. शिलोच्या यात्रेत हन्नाचे वर्षानुवर्षे असेच होत होते. पनिन्ना तिला टोचून बोलायची, हन्ना रडायची आणि जेवत नसे.

पनिन्ना नेमके काय बोलायची हे बायबल सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. ते शब्द आपल्याला पाठ आहेत. "काय मग, गोड बातमी कधी?" "कुणाला दाखवलं का?" "दोष कुणात आहे?" कधी शब्दही लागत नाहीत. डोहाळजेवणाला एकीला बोलावणे जात नाही. ओटी भरताना एकीला वगळून पुढे जातात. बारशाला बाळ सगळ्यांच्या मांडीवर फिरते, पण एकीच्या जवळ आले की कुणीतरी ते हळूच उचलून घेते. मूल नसणे हे एक दुःख. त्यावर माणसांनी दिलेले हे दुसरे दुःख. पहिले दूर करणे आपल्या हाती नसेल. दुसरे तर पूर्णपणे आपल्याच हाती आहे.

चांगला नवरा आणि न समजलेले दुःख

एलकाना वाईट माणूस नव्हता. त्याने हन्नाला टाकले नाही, तिच्यावरचे त्याचे प्रेम कमी झाले नाही. तू का रडतेस, का जेवत नाहीस, असे तो तिला विचारतो. दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही का, असेही विचारतो. प्रश्न प्रेमाचा आहे. पण त्यात तो स्वतःबद्दल बोलतो आहे. हन्नाने त्याला काही उत्तर दिल्याचे बायबलमध्ये नाही.

येथे पतिराजांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात साधारण सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. त्याचे कारण कधी स्त्रीमध्ये असते, कधी पुरुषामध्ये, कधी दोघांमध्ये, तर कधी कारण सापडतच नाही. मग आपल्याकडे तपासणीला वर्षानुवर्षे फक्त बायकोच का जाते? ज्याचे पत्नीवर खरोखर प्रेम आहे त्याने डॉक्टरांकडे तिच्याबरोबर जावे, स्वतःची तपासणी आधी करून घ्यावी, आणि आईसमोर, भावकीसमोर तिच्या बाजूने उभे राहावे.

औषधोपचार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे कोणी समजू नये. पती-पत्नींच्या मिलनाला साह्य करणाऱ्या उपचारांचे ख्रिस्तसभा स्वागत करते. जे उपाय त्या मिलनाची जागाच घेतात ते मात्र ती मान्य करीत नाही. ही शिकवण १९८७ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या 'दोनुम वीते' म्हणजे 'जीवनाचे दान' ह्या दस्तऐवजात विस्ताराने मांडली आहे. ज्यांना ह्याविषयी प्रश्न असतील त्यांनी धर्मगुरूंशी मोकळेपणी बोलावे. मूल कोणत्याही मार्गाने जन्मले असो, ते देवाचेच लेकरू आहे आणि त्याची प्रतिष्ठा कणभरही कमी नाही, हेही लक्षात असू द्यावे.

एली आणि मी

जेवणे झाल्यावर हन्ना उठली आणि परमेश्वराच्या मंदिरात गेली. तेथे ती ढसाढसा रडली आणि प्रार्थना करू लागली. ओठ हालत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. दाराशी बसलेला याजक एली तिच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला वाटले, ही बाई दारू पिऊन आली आहे. त्याने तिला फटकारले.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवा. शाळेचे तोंड न पाहिलेली ती माउली घरची व शेतातली कामे करता करता गाणी रचीत असे. मुलाने, सोपानदेवांनी, आणि आणखी एका नातलगाने ती लिहून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, ती पुस्तकरूपाने जगापुढे आली. किती बायांचे ओठ असे वर्षानुवर्षे हालत असतील आणि लिहून घेणारा कोणीच नसेल! हन्नाचे ओठ हालत होते तेव्हा समोर बसलेल्या याजकालाही ते समजले नाही. ऐकत होता तो एक परमेश्वर.

एलीला दोष देण्याआधी मी माझी स्वतःची चूक सांगतो. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो. ज्या कुटुंबाची ही गोष्ट आहे त्यांच्या परवानगीने, नाव न सांगता, ती येथे लिहीत आहे. घरांना आशीर्वाद देत फिरत असताना मी एका घरी गेलो. पतिपत्नी दोघेच होते. लग्नाला सहा-सात वर्षे झालेली. मला वाटले, नोकरीपायी ह्यांनी ठरवून मूल टाळले असावे. मी हसत म्हणालो, "अजून दोघेच का? देवाच्या दानाला नाही म्हणू नये." बाई काही न बोलता आत चहा ठेवायला गेल्या. चहा झाला, प्रार्थना झाली. निघताना नवरा दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "फादर, तीनदा दिवस गेले आणि तीनदा गेलं. शेवटचं सहाव्या महिन्यात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाई नंतर चार महिने मिस्साला दिसल्या नाहीत. मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फादर, मला काही समजावून सांगू नका. माझ्या तिन्ही बाळांची मी नावं ठेवली आहेत. ती एकदा वेदीजवळ घ्या." नोव्हेंबर महिना होता, मृतांसाठी प्रार्थना करण्याचा. आम्ही तिघांनीच सकाळची मिस्सा केली. मी ती तीन नावे घेतली. स्नानसंस्कारावाचून गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या हाती सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा धरण्यास आपल्याला शिकवते (कॅथोलिक धर्मशिक्षण, क्रमांक १२६१). मिस्सा संपल्यावर त्या बाईंचा चेहरा मी पाहिला. तो हलका झाला होता. त्यांना मूल मिळाले नव्हते. आजही नाही. पण त्या दिवशी कोणीतरी त्यांचे ऐकले होते.

एलीजवळ एक गोष्ट मात्र चांगली होती. हन्नाने नम्रपणे पण स्पष्टपणे सांगितले की मी प्यालेली नाही, मी दुःखी बाई आहे, माझे मन मी परमेश्वरापुढे रिते करीत आहे. तेव्हा त्याने आपला शब्द मागे घेतला आणि तिला शांतीने जा असा आशीर्वाद दिला. चूक कळल्यावर ती सुधारणे हेही याजकाचे काम आहे, आणि सासूचे, जावेचे, शेजारणीचेही आहे.

चेहरा केव्हा बदलला?

आता ह्या कथेतील सर्वांत महत्त्वाची ओळ पाहा. आपण सहसा ती ओलांडून पुढे जातो. एलीचा आशीर्वाद घेऊन हन्ना परतली, जेवली आणि त्यानंतर तिचा चेहरा उदास राहिला नाही, असे पवित्र शास्त्र सांगते (१ शमुवेल १:१८). केव्हा? शमुवेल जन्मल्यावर नव्हे, दिवस गेल्यावरही नव्हे. त्याच दिवशी, त्याच पंगतीत, त्याच पनिन्नासमोर. तिच्या घरातील काहीही बदललेले नव्हते. बदल एवढाच झाला होता की आजवर जे ओझे ती एकटी वाहत होती ते तिने परमेश्वरासमोर खाली ठेवले होते.

विश्वास म्हणजे हेच. माझ्या मनासारखे होईलच ही खात्री म्हणजे विश्वास नव्हे. माझे ऐकणारा कोणी आहे आणि जे होईल त्यात तो मला सोडणार नाही, ही खात्री म्हणजे विश्वास.

म्हणून कोणाही निपुत्रिक जोडप्याला "तुमचा विश्वास कमी पडतो, म्हणून देव देत नाही" असे चुकूनही म्हणू नका. हे वाक्य खोटे आहे आणि क्रूरही आहे. ज्या रात्री हन्ना रडत होती त्या रात्री तिचा विश्वास कमी नव्हता. ती तर मंदिरातच होती. एलिझाबेथ आणि जखऱ्या देवापुढे नीतिमान होते असे संत लूक आधी सांगतो आणि मगच त्यांना मूल नव्हते हे सांगतो (लूक १:६-७). मूल नसणे ही शिक्षा नाही.

नवस आणि दान

हन्नाने नवस केला. नवस आपल्यालाही परका नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जळगाव-भुसावळकडून गाड्या भरून भाविक जातात, धुळ्याकडचेही जातात. काहीजण सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत मावलीला जातात. तेथे बाहेर मेणाची बाहुली मिळतात. मूल मागणारी जोडपी ती माउलीच्या चरणी वाहतात. ह्या भक्तीला मी हसणार नाही. त्या मेणाच्या बाळामागे किती रात्रींचे रडणे असते हे देव जाणतो.

पण आपला नवस आणि हन्नाचा नवस ह्यांत एक फरक आहे. तू मला मूल दे, मी तुला मेणबत्ती वाहीन, असे आपण म्हणतो. हन्ना म्हणाली, तू मला पुत्र दिलास तर तोच मी तुला देईन. जे मागितले तेच तिने परत देऊ केले. हा व्यवहार राहिला नाही. ह्यात हन्नाच्या हाती मागे काय उरते? फक्त देणारा देव. आणि तिला तो पुरेसा होता.

देवाने तिची प्रार्थना ऐकली. मुलगा झाला. परमेश्वराकडे मागून घेतलेला म्हणून तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले. पुढच्या वर्षी एलकाना यात्रेला निघाला, पण हन्ना गेली नाही. बाळाचे दूध सुटेपर्यंत ती घरीच राहिली. त्या काळी आया मुलांना तीन वर्षांपर्यंत पाजीत असत, असे २ मक्काबी ७:२७ वरून दिसते. ती तीन वर्षे कशी गेली असतील! पहिले पाऊल, पहिला शब्द, आणि प्रत्येक दिवशी मनात हिशेब की हे आपल्याजवळ थोड्याच दिवसांचे आहे. मग ती लहानग्याला घेऊन शिलोला गेली आणि त्याला एलीच्या हाती सोपवले.

आणि आता पाहा, हन्नाने उपकारस्तुतीचे गीत केव्हा गायिले? बाळ जन्मले त्या दिवशी नाही. ज्या दिवशी ती त्याला मंदिरात ठेवून रिकाम्या कडेने घरी निघाली त्या दिवशी (१ शमुवेल २). पुढे मरियेने एलिझाबेथच्या घरी जे स्तोत्र गायिले त्यात ह्याच गीताचे सूर आहेत. मिळाले म्हणून आभार मानणे कोणालाही जमते. देताना आभार मानणे ज्याला जमले त्याला कळले की मूल ही आपली मालमत्ता नाही, ती देवाची ठेव आहे. ज्यांची मुले शिकायला पुण्याला, नोकरीला परदेशी गेली आहेत, ज्यांची मुलगी सिस्टर किंवा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी निघाला आहे, त्या आईबापांनी हन्नाकडे पाहावे. ती मुलाला विसरली नाही. दरवर्षी एक लहानसा झगा शिवून ती त्याच्यासाठी घेऊन जाई. दरवर्षी तो थोडा मोठा बेतावा लागत असेल. सोडून देणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे.

मुलीही त्याचेच दान

हन्नाने पुत्र मागितला. त्या काळात मंदिराच्या सेवेसाठी ती त्याला देणार होती. पण ह्या कथेचा आधार घेऊन कोणी "बघा, तिनेही मुलगाच मागितला" असे म्हणू नये. पुढे देवाने हन्नाला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली दिल्या, आणि पवित्र शास्त्र त्या दोघी मुलींनाही त्याच कृपेत मोजते (१ शमुवेल २:२१).

हे मी मुद्दाम लिहितो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे केवळ ८४२ मुली आढळल्या. २००१ साली त्या ८८० होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा तर १९९४ चा आहे. एकाच गल्लीत एक बाई मूल व्हावे म्हणून रडते आणि दुसऱ्या घरी मुलगी आहे म्हणून गर्भ नको होतो. रिकाम्या गव्हाणीपुढे गुडघे टेकताना ह्या आकड्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी सुस्कारे वाटणारे घर ख्रिस्ती घर नाही.

दुसरी हन्ना

आता शेवटी त्या दुसऱ्या हन्नाकडे येऊ. मरिया व योसेफ बाळ येशूला मंदिरात घेऊन आले तेव्हा ती तेथे होती. फनुएलची मुलगी, आशेर वंशातली. लग्नानंतर सातच वर्षांचा संसार झाला, मग वैधव्य. आता वयाची चौऱ्याऐंशी वर्षे गाठलेली. मंदिर सोडून ती कोठे जात नसे. तिला मुले होती की नव्हती, संत लूक सांगत नाही. सांगितले आहे ते एवढेच की त्या क्षणी ती जवळ आली, तिने देवाचे आभार मानले आणि जे तारणाची वाट पाहत होते त्या सर्वांना ती त्या बाळाविषयी सांगू लागली.

दुसरीच्या मांडीवरचे बाळ पाहून तिने देवाचे आभार मानले. बंधुभगिनींनो, हे सोपे नाही. पण ह्यातच त्या सर्वांसाठी सुवार्ता आहे ज्यांची गव्हाणी ह्या जन्मी रिकामीच राहील. पहिल्या हन्नाला जे मिळाले ते सर्वांना मिळतेच असे नाही. दुसऱ्या हन्नाला जे मिळाले ते मात्र सर्वांना मिळते, कारण नाताळचे बाळ एकट्या मरियेचे नाही. ते आपणा सर्वांना दिलेले आहे.

आणि मातृत्व केवळ पोटातूनच जन्मते असेही नाही. येशूला वाढवणारा संत योसेफ रक्ताने त्याचा पिता नव्हता. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ५ जानेवारी २०२२ रोजी संत योसेफविषयी बोलताना दत्तक घेणाऱ्या आईबापांचे मनापासून कौतुक केले होते. आपल्यापैकी अनेकांना वाटते की ख्रिस्ती लोकांना कायद्याने मूल दत्तक घेता येत नाही. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. १९५६ चा दत्तक कायदा आपल्याला लागू नव्हता. १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. आज तसे नाही. बाल न्याय कायद्याने सर्व धर्मांच्या लोकांना दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला आहे, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, करावी लागते. वाट पाहावी लागते, पण मार्ग सरळ आहे. दवाखान्यातून वा ओळखीतून परस्पर मूल आणण्याच्या मोहात मात्र कोणीही पडू नये. तो गुन्हा आहे.

ह्या आठवड्यात

नाताळच्या आधी तीन गोष्टी करू या.

१. ज्या जोडप्याला मूल नाही त्यांना नाताळच्या जेवणाला आपल्या घरी बोलावू या. प्रश्न विचारायचे नाहीत, उपाय सुचवायचे नाहीत. पानात वाढायचे आणि गप्पा मारायच्या.

२. घरात बारसे, डोहाळजेवण किंवा स्नानसंस्कार असेल तर जिला आजवर वगळले तिला सर्वांत आधी बोलावू या आणि बाळ आधी तिच्या हाती देऊ या.

३. ज्यांना लेकरे आहेत त्यांनी रात्री झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून एकदा म्हणावे, "प्रभो, हे तुझे आहे. माझ्याजवळ ठेवलेस, तुझे उपकार."

आणि ज्या बहिणीने हे मनन डोळ्यांत पाणी आणून वाचले तिला एकच विनंती. तू मिस्सा सोडू नकोस. पुढच्या बाकावर बसायला नको वाटत असेल तर मागे बस. बोलायला शब्द नसतील तर नुसते ओठ हालू देत. तेवढे पुरे आहे. तुझे ओझे इथे खाली ठेव आणि घरी जाऊन जेव.

आपण प्रार्थना करू या.

हे दयाळू परमेश्वरा, हन्नाचे न ऐकू येणारे शब्द तू ऐकलेस. आमच्या धर्मग्रामातील जी घरे बाळाच्या पावलांची वाट पाहत आहेत त्यांच्याकडे कृपादृष्टीने पाहा. जी बाळे जन्माआधीच तुझ्याकडे आली त्यांना तुझ्या कुशीत ठेव. ज्या मुलामुली तू आम्हाला दिल्यास त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांना तुझीच ठेव म्हणून वाढवण्याची शक्ती आम्हाला दे. आमच्या जिभेला पनिन्नाची धार येऊ देऊ नकोस. आणि नाताळच्या रात्री ज्यांची मांडी रिकामी असेल त्यांच्या मांडीवर तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त, तू स्वतः ठेव. आमेन.